कूलरमध्ये सापडलेले चौदा पेपर

अब्बा, काल कूलर काढला. दरवर्षीसारखा बाल्कनीतून ओढत खोलीच्या खिडकीशी आणला आणि पाणी भरायच्या आधी बटन दाबून पाहिलं, तर मोटार नुसती हुंहुं करते अन् पंखा जागचा हलत नाही. तुम्ही असता तर नुसता कान लावून सांगितलं असतं काय बिघडलंय ते. मी मागची जाळी काढली, मागच्या उन्हाळ्याचं वाळलेलं गवत उपसलं आणि कोरड्या टाकीच्या तळाशी हाताला कागद लागले. नीट घडी घालून, एकावर एक, रबरबँड लावलेले. तुमच्या नातीचे गणिताच्या चाचण्यांचे पेपर. चौदा होते. वीसपैकी सहा, वीसपैकी चार, एकात तर भोपळा. आणि प्रत्येकावर पालकाच्या सहीच्या जागी माझी सही, जी मी कधी केलेलीच नाही. हुबेहूब केली होती मेलीनं. माझ्या शेवटच्या अक्षराचं शेपूट मी जसं मागं ओढते, तसंच ओढलेलं.

तुम्ही तिला पाहिलं नाही. ती तुम्हाला फोटोवरून ओळखते. आता आठवीत आहे, उंचीला माझ्या कानापर्यंत आली आहे आणि चालताना तुमच्यासारखीच डावा खांदा जरा खाली सोडते. मी तिला मारलं, अब्बा. तेरा वर्षांत पहिल्यांदा हात उचलला. तिनं गालावर हात ठेवला, रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अम्मी, तू बरोबरवाले पेपर फ्रीजवर लावते. हे कुठं लावले असते?" रोज चाळीस पोरांना उत्तरं द्यायला लावणारी बाई मी, पेपरांना परत रबरबँड लावत बसले. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. ताट वाढलं तर जेवते, विचारलं तर मान हलवते, बस.

आणि गंमत ऐका. गेल्याच आठवड्यात आमच्या बाभुळगावच्या शाळेत पालकसभा झाली. पोरांचा अभ्यास घरी कसा घ्यावा यावर दरवर्षी मीच बोलते, कारण मला बोलता येतं आणि बाकीच्यांना कंटाळा येतो. मी तुमचीच गोष्ट सांगते. सांगते की माझे अब्बा मोटार वाइंडिंगवाले होते, सातवी शिकलेले, त्यांना माझं गणित कळत नव्हतं. पण मी शाळेतून आले की ते म्हणायचे, पहिले चुकलेलं दाखव. मार्क किती पडले ते मागून. बाया डोळ्यांना पदर लावतात, बाप लोक टाळ्या वाजवतात. मी खुर्चीवर बसते, पाणी पिते, आणि घरी आल्यावर दारातच पोरीला विचारते, किती पडले?

घाटंजीतलं आपलं दुकान मला अजून वासानं आठवतं. वार्निश, तांब्याची तार, आणि जळालेल्या मोटारीचा तो घशात बसणारा करपट वास. दुपारची शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथंच यायची, तुमच्या समोरच्या लोखंडी स्टुलावर बसायची. विहिरीवरची मोटार जळाली की लोक घाईत यायचे, म्हणायचे, "चाचा, लवकर भरून द्या, पिकाले पाणी द्या लागते." तुम्ही मात्र जळकी तार लगेच तोडून काढायचे नाहीत. मोटार उजेडाकडे तोंड करून ठेवायचे आणि आत बोट फिरवत मला म्हणायचे, "पाह्य बेटा, हा एवढा भाग काळा ठिक्कर आहे अन् हा बाजूचा लाल. म्हंजे लाइटीच्या तीनातला एक फेज गेला, अन् मोटार तशीच चालत राह्यली. जळली कुठून थे न पाह्यता नवी तार भरली, तं पंधरा दिवसांत पुन्हा जळते." मग हात पुसायचे आणि माझी वही मागायचे. घरात आपण हिंदी-उर्दू बोलायचो, पण वही हातात घेतली की तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलता तशी मराठी बोलायचे, कारण माझी शाळा मराठी होती आणि शाळेची गोष्ट शाळेच्याच भाषेत झाली पाहिजे असं तुमचं म्हणणं होतं.

"पहिले चुकलेलं दाखव."

मी दाखवायची. भीती कशाची म्हणून वाटत नव्हती. तुम्ही गणिताच्या एकेका ओळीवर बोट ठेवायचे, वार्निशचा ठसा उमटायचा, आणि विचारायचे, "इथपर्यंत बरोबर हाय?" मी म्हणायची हो. "अन् इथं?" हो. "अन् इथं काहून असं केलं?" आणि तिथं मी थांबायची, कारण सांगता सांगता मलाच कळायचं. तुम्ही हसायचे, म्हणायचे, "सापडलं ना? बस मंग." शाबासकी एवढीच. नववीपर्यंत माझ्या सगळ्या वह्यांवर ते तपकिरी ठसे होते आणि वर्गातल्या पोरी नाक मुरडून विचारायच्या, काय गं, वहीवर काय सांडलं?

मी नववीत असताना तुम्ही पालकसभेला आले. दुकानातून थेट आले, सदऱ्यावर वार्निशचे डाग, नखात काळं. पुढच्या रांगेत कचेरीतल्या साहेब लोकांच्या बायका, इस्त्रीच्या साड्या. सरांनी माझं नाव घेतलं, वर्गात पहिली आली म्हणून उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मागून तुम्ही उठले आणि म्हणाले, "सर, थे बरोबर हाय. पण पोरगी चुकते कुठं, थे सांगा ना." हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, ही काय मोटार आहे का?" पुन्हा हशा. तुम्हीही हसले, त्यांच्यासोबतच. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होते, मी चार पावलं पुढं. बाजाराच्या वळणावर मी वळून म्हणाले, "शाळेत येत जाऊ नका तुम्ही. अन् माझी वही पण मागत जाऊ नका. तुम्हाला काय समजते त्यातलं?"

तुम्ही काय म्हणाले आठवतं? तुम्ही म्हणाले, "ठीक आहे बेटा." बस एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर जाऊन बसले, वही मुद्दाम दप्तराबाहेर काढून ठेवली. तुम्ही मोटारीत बोट फिरवत राहिले. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील, पुन्हा मागतील. मागितलीच नाही हो तुम्ही. अम्मीनं एकदा विचारलंसुद्धा, "आजकल कापी नहीं देखते?" तर तुम्ही म्हणाले, "वो बडी हो गई." मी आत भाकरी खात होते. उठून यावं, वही तुमच्या मांडीवर आपटावी आणि म्हणावं, पाहा, असं फार वाटलं. पण उठले नाही. माज होता, दुसरं काय! आणि मग हळूहळू मी चुकलेलं खोडून काढायला शिकले. इतक्या सफाईनं की नवीन वहीत एकही काट नसायची. सगळे कौतुक करायचे.

सभेत मी सांगते की अब्बा शेवटपर्यंत वही मागायचे. लोकांना ते आवडतं. आजवर कोणी मला खोटं पाडलं नाही, कारण पाडणारे तुम्ही एकटेच होते.

मग यवतमाळचं हॉस्पिटल. मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिलेली, होस्टेलवरून बसनं आले. तुमच्या नाकाला नळी, हात इतके स्वच्छ धुतलेले की मला ते तुमचे वाटेनात. नखात काळं नव्हतं. मला जवळ बसवलं आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "रिझल्ट आया?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास, अब्बा." तुम्ही डोळे मिटले. झोपले असं वाटलं. मग डोळे न उघडता, हिंदीत नाही, मराठीत, चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा तुम्ही विचारलं, "अन् चुकलं कुठं?"

तुम्ही मला परत त्या स्टुलावर बोलावलं होतं. नुसतं सांगायचं होतं. मी म्हटलं, "कुठंच नाही."

"अस्सं," तुम्ही म्हणाले आणि तोंड खिडकीकडे केलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेले. तुम्हाला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते. जन्मभर जळक्या मोटारी पाहिलेला माणूस, माझा चेहरा तुम्हाला वाचता आला नसेल?

आज रविवार. दुपारचं ऊन बाल्कनीत आलंय, कूलर तसाच उघडा पडलाय, मेकॅनिक उद्या येतो म्हणाला. सकाळी पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. उद्याचं दप्तर भरत होती, माझ्याकडे न पाहता विचारलं, "तू कधी नापास झाली का?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "नाही." तिनं चेन ओढली आणि आत गेली. तेच "नाही", अब्बा. त्याच आवाजातलं. मी इथं पोळपाटासमोर कणीक मळलेल्या हातानं उभी, आणि मला रडू आवरेना. एवढं मी तुमच्या मयतीतही रडले नव्हते.

म्हणून हे लिहायला बसले. ते चौदा पेपर जेवायच्या टेबलावर ठेवलेत. त्यांच्यावर हा पंधरावा कागद ठेवते, म्हणजे ती पाणी प्यायला उठली की तिच्याच हाताला लागेल. तुमच्यापर्यंत काही तो पोचायचा नाही. पण विचारलं तुम्ही होतं, तर पहिलं उत्तर तुम्हालाच.

चुकलं होतं, अब्बा. गणिताच्याच पेपरात मी नापास झाले होते.