नमुन्याची पाटी

२८ ऑक्टोबर

पोचले. आगगाडी, मग बस, मग पायी चढण. आणि वर आल्यावर समुद्र असा समोर ठाकला की वीस वर्षं वर्तमानपत्रातून लोकांची टर उडवणाऱ्या मला एक शब्द सुचेना. इथला देव जोड्या जुळवतो. देशभरातून पोरी येतात, लाकडी पाटीवर आपलं आणि त्याचं नाव लिहून टांगतात, लाल दोरा घेतात, गरम सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खाऊन परत जातात. पाट्या आणि दोरे विकायच्या खिडकीत आता मी. वय एकावन्न, घटस्फोट झालेला, सदर बंद पडलेलं. देवाला याहून चांगली जाहिरात कुठून मिळणार?

राहायला सोबावाल्या हात्सुए-सानच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पायमोजेसुद्धा मी आता जोडीने ठेवत नाही, इतकी सुखात आहे. चिनात्सुचे, म्हणजे माझ्या लेकीचे, दिवस भरत आलेत. सव्वीस नोव्हेंबरचं तिच्या गावचं, सेन्दाईचं, तिकीट काढून ठेवलंय. तिच्या लग्नातून मी अर्ध्यात उठून छापखान्यात गेले होते. बाळंतपणाला येईन हा शब्द तरी पाळायचाय.

४ नोव्हेंबर

खिडकीवरची नमुन्याची पाटी, म्हणजे कुठे काय लिहायचं ते दाखवणारी, उन्हाने पुसट झाली होती. मुख्य पुजारी कुरोताकी-सान म्हणाले, नवी करा, पण पुरी भरू नका. आडनाव तरी सोडा, नाहीतर पत्ता. का, ते विचारायच्या आत कुणाच्या तरी नव्या मोटारीवर मंत्र म्हणायला त्यांना बोलावणं आलं.

अर्धवट अर्ज मला बघवत नाही. जन्मभर मुद्रितं तपासलीत. माझं नाव घातलं, इसोबे कानाए. पत्ता माडीचा. समोर एक नवरा रचला: तोगाशी मासाओमी, वय छप्पन्न, जेवताना बातम्या न लावणारा, मासे स्वतः साफ करणारा. इच्छा: जन्मभर एका छपराखाली राहू. खाली तारीख. देवळात कामाला असलेल्या मुली वाचून हसत लोळल्या. एकीने विचारलं, याला धाकटा भाऊ आहे का हो?

१० नोव्हेंबर

संध्याकाळी किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून देवांना उतरवून घेतलं. वर्षातून एकदा सगळ्या मुलखांतले देव इकडे जमतात आणि कोणाची गाठ कोणाशी, ते ठरवतात. आठवडाभर गावात गाणं नाही, हातोडा नाही, नखंही कापायची नाहीत. सभेत व्यत्यय नको. एवढे लाड कुठल्या सरकारी समितीचेही झालेले मी पाहिले नाहीत.

१४ नोव्हेंबर

हात्सुए-सानने सोबाचे दोन वाडगे पुढे ठेवले. दुसरा कुणाला, विचारलं तर म्हणाल्या, तुमचे यजमान सकाळीच समुद्रावर जाताना दिसले, भुकेले येतील ना. माणूस छान आहे, फक्त तोंड उघडत नाही. तुमच्यापुढे कोण उघडणार म्हणा. मी हसून घेतलं. गाव नव्या बाईची चेष्टा करणारच.

वर ओट्यावर मासे होते. साफ केलेले.

१७ नोव्हेंबर

देवांना निरोप दिला. परतताना कुरोताकी-सान खिडकीशी थांबले. पाटी वाचली, पुन्हा वाचली. म्हणाले, या आठवड्यात देव गावातली एकूण एक पाटी वाचतात, आणि नमुना म्हणजे काय हे त्यांना कळत नाही. काढून जाळू का, मी विचारलं. जाळलं की वर पोचतं, ते म्हणाले, आणि ही तर पोचलेलीच आहे. पुढची सभा वर्षाने.

हा कुणी ओळखीतला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, मनाने रचलाय.

त्यांनी पाटीवरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"म्हणजे देवांना तो घडवावा लागला."

२० नोव्हेंबर

दाराशी पुरुषाचे बूट. ओले.

गावच्या कचेरीत जाऊन रहिवासाचा दाखला मागितला. त्यावर दोन नावं. कारकून फार नम्र. परवा दोघं येऊनच नोंदवून गेलात की, म्हणाला. नाव काढायचं तर सहीच्या जागी यजमानांचा स्वतःचा शिक्का लागेल. मी सांगितलं, असा माणूसच नाही. त्याने कागद पुन्हा पाहिला आणि दिलगीर होऊन म्हणाला, आहेत, छप्पन्न वर्षांचे आहेत.

२२ नोव्हेंबर

सव्वीसपर्यंत थांबायचं नाही. पिशवी घेऊन सकाळची बस धरली. बस हलेना. चालक वळून म्हणाला, यजमान येताहेत ना, थांबतो. मी म्हटलं, सोडा. तो हसला. रुसलात वाटतं, म्हणाला. अकरा प्रवासी. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. एका आजीबाईंनी सोललेलं संत्रं हातात ठेवलं. आमचेही असेच उशीर करायचे, म्हणाल्या. अर्धा तास. सगळे माझ्याकडे मायेने बघत — शेवटी मीच उतरले.

बस लगेच सुटली.

२३ नोव्हेंबर

टॅक्सी. तेच. मग पायी निघाले. बोगद्याशी रस्त्याचं काम. तिथला टोपीवाला कमरेत वाकून म्हणाला, जोडीने या, एकटीला सोडता येत नाही —

२४ नोव्हेंबर

पाहिला. भर दुपारी, आमच्या ओट्याशी, पाठमोरा, मासे साफ करताना. नाव मी लिहिलं होतं, वय लिहिलं होतं. चेहरा लिहिला नव्हता.

वळला —

२५ नोव्हेंबर

चिनात्सुला फोन केला. ती म्हणाली, आई, काल तूच नाही का सांगितलंस, येणार नाही म्हणून? मी रागावले नाहीये गं. आणि ठरलंय तसं बाळ झालं की आम्हीच येतो, महिनाभर राहायला, तुम्हा दोघांकडे.

काल मी फोन केलेला नाही.

ओरडून सांगायला गेले. नुसती खरखर निघाली.

"घसा बसलाय का तुझा? कालचा आवाज किती आपला वाटत होता."

२६ नोव्हेंबर

गाडी अकराची होती.

मला आवाज नाही. तो शेजारच्या खोलीत आहे. फोनवर बोलतोय, माझ्या आवाजात, लाडाने — ये गं, लवकर ये, त्याला घेऊनच ये —

मुलगा झालाय. मला हे भिंतीपलीकडून कळलं.

जे मी लिहिलं नाही, आवाज, चेहरा, ते तो माझ्याकडून घेतोय. सकाळी आरशात भुवया नव्हत्या. आता ओठ —

पलीकडे हसणं थांबलं. पावलं —

चिनात्सु, येऊ नकोस. फोनवर मी बोलावलं तरी नको. आणि आलीसच, दारात मी उभी दिसले, हात पुढे केले, तरी बाळ माझ्या —