शोभाच्या गाठीतला केस

४ ऑगस्ट, सोमवार
गणपती तोंडावर आले आणि कल्याणच्या हारवाल्या शेठकडून अजून मणी नाही, धागा नाही. एवढी वर्षं आम्ही कोपरच्या बाया त्याचे गणपतीचे मोत्यांचे हार ओवतो. फोन केला तर म्हणतो कसा, "काकू, यंदा माल परदेशातून आला, कंटेनरने. स्वस्त पडतो." मग गणपती पण तिकडूनच आण म्हटलं. ठेवला फोन.

६ ऑगस्ट
कल्याणला त्याच्या दुकानात जाऊन आले. खोकीच खोकी. एक हार उचलला आणि हातच थांबला. आमचाच नमुना. पदकाखाली तिरकी गाठ. ती गाठ फक्त माझी जाऊ शोभा मारायची. गेल्या संक्रांतीला वारली ती. शेठ हसतो, "मागच्या वर्षी तिचा एक हार सॅम्पलला पाठवलेला. मशीनने जसाच्या तसा काढला."
पॅकिंगला शीळफाट्याच्या गाळ्यात परराज्यातली माणसं आणून ठेवलीत, तिथेच झोपतात. त्यांच्यावर राग नाही, पोटासाठी आलीत. आणणाऱ्यावर आहे. आधी इथल्या हातांना काम, उरलं तर बाहेरच्यांना. आणि परदेशी मालावर असा कर पाहिजे की शेठला आमची आठवण यावी. तोंडावर बोलले. "काकू, जमाना बदलला."
एक हार विकत घेऊन आले.

७ ऑगस्ट
उजेडात नीट बघितला. गाठीत पांढरा केस.
शोभाचे केस लांब, पिकलेले. ओवताना मोकळे सोडायची, एखादा गाठीत जायचाच. किती ओरडायचे मी. "अगं, देवाच्या गळ्यात जायचंय ते!" तर हसायची. "असू दे ताई, तेवढीच मी पण जाते."
ओढून बघितला. केस नाही, नायलॉन. चूक कुठली नि नमुना कुठला, मशीनला काय कळतंय.

८ ऑगस्ट
परत गेले. खोकं उघडायला लावलं. प्रत्येक हारात आहे. त्याच जागी. शेठ म्हणे, "डिझाईन असेल."
संध्याकाळी शोभाची लेक पिंकी आलेली सासरहून. मी काही सांगितलं नव्हतं. हार हातात घेतला, नाकाशी नेला. मग म्हणाली, "काकी, आईच्या तेलाचा वास येतोय."
"प्लास्टिकचा आहे. गप."
आलेला. मला पण.

१२ ऑगस्ट
किराणावाल्याच्या गणपतीच्या फोटोला तोच हार. रिक्षात पुढे तोच. सोसायटीने मखरासाठी आणलेत तेच. जिकडे बघावं तिकडे शोभा, आणि आमच्या बाया रिकाम्या हाताने दारात. "काय म्हणतो गं शेठ?" काय सांगू.

१४ ऑगस्ट
शेठचा आपणहून फोन! "काकू, पुढच्या वर्षीसाठी नवा नमुना द्या ना. तुमच्या हातचा. एकच."
एकच. म्हणजे मी नको, माझी गाठ पुरे.
तरी बसले ओवायला. हातांना सवय, राहत नाहीत. म्हटलं, हार दाखवून बायांसाठी काम मागू.

१७ ऑगस्ट, रविवार
हार झाला. दारात उन्हात धरला. गाठीत पांढरा केस. लांब.
माझे मेंदीने लाल, तेही मानेपर्यंत. घरात दुसरी बाई नाही.
ओढला. नायलॉन नाही.

हार डब्यात बंद केला. शेठला फोन लावला. "पुढच्या वर्षी ओवायचं काम कोपरला देणार का नाही, शनिवारपर्यंत सांग. त्याआधी नमुना दिसणार पण नाही." फोन ठेवला.
आणि शोभे, तू पण सांग. ही गाठ त्याला द्यायची का नाही. शनिवारपर्यंत.