शटर ओढणार नाही, सर्व्हर लोकल असला तरी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, दुकानाच्या काउंटरवर बसून, शटर पूर्ण वर ठेवून, साष्टांग नमस्कार. (काउंटरवर बसून साष्टांग कसा घालतात ते विचारू नकोस. पत्रात सगळं चालतं.)

तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेतोस की आठवण झाली की घेतोस? माझ्या तब्येतीचं तू विचारण्याआधी मीच सांगते. डोळा बरा झाला, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो, आणि एकूण माझी प्रकृती तुला सोयीची पडेल त्यापेक्षा बरीच चांगली आहे. पत्र लिहायला कारण तूच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी वाक्याच्या मध्यावर आले की "बरं, ते राहू दे" म्हणून मोकळा होतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, तेव्हा खुर्चीत नीट टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी आपलं काय ठरलं होतं ते लिहून टाकते, कारण तुला सोयीस्कर विसरायची खोड लहानपणापासून आहे. ज्या मोठ्या दवाखान्याचे डॉक्टरांचे कोट आणि नर्सचे गणवेश मी इतकी वर्षं शिवते आहे, तिथे खरेदीला एक नवा साहेब आला. त्याने फर्मान काढलं की सगळ्यांची मापं यापुढे शिंप्याने कॉम्प्युटरमध्ये ठेवायची, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, मापं माझ्या डोक्यात आहेत. तर म्हणाला, "आजी, डोकं मेलवर पाठवता येत नाही." (आजी! याच्या डोक्यावर माझ्या निम्मेसुद्धा केस नाहीत.) हे सगळं मी मन हलकं करायला तुला सांगितलं, आणि तू काय केलंस? तू म्हणालास, झालं तेवढं पुरे झालं, शटर ओढ आणि माझ्याकडे राहायला ये, या वयात ते कॉम्प्युटरचं तुझ्याच्याने व्हायचं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग पैज लागली. महिनाअखेरपर्यंत माझा कॉम्प्युटर मापं ठेवायच्या त्या डेटाबेसला जोडला गेला, तर तू दुकान बंद करायचा विषय जन्मात काढायचा नाही. नाही जोडला गेला, तर मी बोऱ्याबिस्तर गुंडाळून तुझ्या दारात. यावर तू हसलास. ते हसणं तुला महागात पडलं, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

फोन ठेवला आणि लगेच तुझ्या मुलीला लावला. (तिची मदत घेतली म्हणजे पैज मोडली, असली वकिली करू नकोस. शब्द तिचे, बोटं माझी. कापड गिऱ्हाइकाने आणलं म्हणून कोट गिऱ्हाइकाने शिवला असं कुणी म्हणत नाही.) भाची माझी गुणाची आहे, आईवर गेली आहे. तिने आधी समजावून सांगितलं की मापं जिथे राहतात तो डेटाबेस, त्या मापांची राखण करून मागेल त्याला काढून देतो तो सर्व्हर, आणि आपण ज्या खिडकीतून त्याच्याकडे मागायचं ती खिडकी वेगळी. मला लगेच कळलं. दुकानातही कपाट वेगळं, कपाट सांभाळणारा वेगळा आणि काउंटर वेगळं असतं (माझ्याकडे तिन्ही मीच आहे, तो भाग निराळा). मग तिने सांगितलेला प्रोग्रॅम मी इंटरनेटवरून उतरवून घेतला, ती फोनवर म्हणेल तसं 'पुढे, पुढे' दाबत गेले, आणि सगळं सुरळीत पार पडलं. शेवटी ती म्हणाली, आता खिडकी उघड, पत्त्याच्या जागी localhost असं लिही आणि जोड. एवढं सांगून ती ऑफिसच्या मीटिंगला गेली, आणि तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला दुकानात आला.

या चष्मेवाल्याला सगळी गल्ली सर्वज्ञ म्हणते, आणि त्याला ती स्तुती वाटते. त्याने माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरचं वाचलं आणि जिभेने च्यक केलं. म्हणाला, "ताई, लोकल? अहो, लोकल कशाला घेतला? लोकल फ्रेम लावली की दोन महिन्यांत काडी निखळते. दवाखान्याचं काम आहे, कंपनीचाच घ्या." दादा, माझा चेहरा पडला. उभ्या आयुष्यात मी लोकल दोरा वापरला नाही, लोकल चेन लावली नाही, आणि आता डॉक्टरांची मापं लोकल सर्व्हरवर ठेवायची? मी त्यातलं 'लोकल' पुसून टाकलं आणि नुसतं host ठेवलं. यंत्र म्हणालं, असा कुणी सापडत नाही. सर्वज्ञाने सुचवलं म्हणून मी पुढे 'कंपनी' जोडून पाहिलं. तरी सापडेना. मग मी पूर्ण प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून घातला, आणि त्यानेही भागेना म्हणून आणखी एकदा घातला. (कटिंग बिघडलं की मी त्यावर रफू करत बसत नाही, नवं कापड घेते. हा माझ्या हाताचा नियम आहे.) दर वेळी भाचीने पहिल्यांदा सांगितलं होतं तस्संच केलं, अक्षराचा फरक नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी फणकाऱ्यानेच म्हटलं, बाई गं, आत्याला लोकल माल देताना काही वाटलं नाही का, पैसे कमी पडत होते तर सांगायचंस. ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला (हसणं मात्र तुझ्यावर गेलं आहे). मग तिने सांगितलं की इथे लोकल म्हणजे हलका नव्हे, इथे लोकल म्हणजे इथलाच, तुझ्या स्वतःच्या डब्यातला. कॉम्प्युटरने बाहेर कुठे जायचंच नाही, स्वतःलाच हाक मारायची. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी 'लोकल' पुन्हा लिहिलं आणि जोडायला गेले, तर आता यंत्र म्हणालं, जोडणी नाकारली.

नाकारलं जाण्याची मला सवय आहे (त्यातली दोन स्थळं तर तूच आणली होतीस), पण हाक मारणारा तोच आणि आतून 'घरी कुणी नाही' म्हणणाराही तोच, असा नकार मी पहिल्यांदा पाहिला. नाही म्हणायला तू फोन उचलून "मी झोपलोय" असं सांगतोस, त्याच जातीचा. भाची म्हणाली, सर्व्हर बंद पडलेला दिसतोय, यादी उघडून बघ. उघडली, तर तिथे एक सोडून तीन सर्व्हर, आणि तिन्ही थंड. तीन का, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. बंद का, ते मात्र सर्वज्ञाने स्वतः छाती पुढे काढून सांगितलं. दुपारी मी कापड घ्यायला गेले होते तेव्हा त्याने दुकानाकडे लक्ष ठेवलं, आणि लक्ष ठेवता ठेवता पडद्यावर एकासारख्या एक तीन गोष्टी पाहून जादाच्या बंद करून टाकल्या. मी विचारलं, मग एक तरी चालू ठेवायची होतीत. तर म्हणतो, त्यातली जादा कुठली ते कळत नव्हतं ना, ताई.

मी त्याला सांगितलं, चष्मा तुमच्याकडून घेतलाय, नजर माझी मी वापरेन. तो अजून रुसला आहे, रुसू दे. मग भाचीने मला दरवाजाची भानगड समजावली. सर्व्हरला एका ठरावीक नंबरच्या दारात उभं राहावं लागतं, आणि माझे तिघेही एकाच दारात घुसायला बघत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तिसरीही कोंबली होती. दोन मी माझ्या हाताने काढून टाकल्या. (हे वाचून तुला वाटेल, सोपं आहे. तू अजून घरातल्या दिव्यांची बटणं सगळी दाबून बघतोस.) उरलेल्या एकाला चालू केलं, तो चालू राहिला, आणि मी मोठ्या रुबाबात जोडायला गेले. आता यंत्र म्हणालं, 'रूट' या माणसाला आत प्रवेश नाही.

हा रूट कोण? आपल्या सात पिढ्यांत कुणी नाही. भाची म्हणाली, आत्या, रूट म्हणजे तूच, मालकीण. म्हणजे माझ्याच दुकानात मलाच मज्जाव! यापुढे आमचं जे बोलणं झालं ते मी जसंच्या तसं देते. ती म्हणाली, "पासवर्ड काय ठेवलायस?" मी म्हटलं, "काहीच नाही." ती म्हणाली, "मग जागा रिकामी सोड." सोडली, उघडेना. "अगं, नक्की काय ठेवला होतास?" "सांगितलं ना, काहीच नाही." "मग रिकामी सोडल्यावर उघडायला पाहिजे!" "तेच तर मी म्हणतेय!" असं आम्ही इतका वेळ केलं की एक गिऱ्हाईक ब्लाउज न घेताच निघून गेलं. दोघींचा आवाज चढला. शेवटी ती दमून म्हणाली, "आत्या, राहू दे आता. बाबा म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. कशाला त्रास करून घेतेस?"

बस्स. तुझं "राहू दे" तुझ्या तोंडून ऐकून मी मुरले आहे, पण त्या पोरीच्या तोंडून ऐकलं आणि माझे डोळे भरून आले, हे कबूल करते. मी फोन ठेवला. मशीनच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांकडे बघत बसले. मनात आलं, ही मशीन उचलून कोण नेणार, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर तिचा खडखडाट कुणाला चालणार, आणि सकाळी उठून मी तिथे करू काय? आणि मग रागारागाने स्वतःशीच म्हटलं, दर वेळी यंत्राने पासवर्ड विचारला तेव्हा पोरीने सांगितलं तेच मी इमानेइतबारे लिहिलं होतं, मग आता ते पुसून रिकामी जागा का सोडायची? तिने पहिल्यांदा प्रोग्रॅम घालताना फोनवर म्हटलं होतं, "पासवर्ड? काहीच नाही, पुढे जा." मी तसंच लिहिलं होतं, kahichnahi, सलग, मधे जागा न सोडता. यंत्राने पुन्हा एकदा लिहायला लावलं होतं, तेव्हाही तेच लिहिलं होतं. आता जिथे ती रिकामं सोडायला सांगत होती तिथे मी दात-ओठ खात तीच अक्षरं बडवली.

आणि दार उघडलं.

भाचीला फोन करून सांगितलं तेव्हा तिने तो पासवर्ड मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, आत्या, एवढा पक्का पासवर्ड आमच्या ऑफिसात कुणाचा नाही. तेव्हा दादा, महिना संपायच्या आत, माझ्या हाताने, कुणी जवळ नसताना, मी जोडली गेले आहे. 'माझ्याच्याने व्हायचं नाही' ते झालं. दुकान चालू आहे, चालू राहील, आणि मला न्यायला टेम्पो ठरवला असशील तर त्यातून तुझी जुनी वर्तमानपत्रं रद्दीत पाठव.

काय कळवायचं ते कळवलं. तुझा माझ्यावर लोभ आहे तो आहे तेवढाच राहू दे, तो वाढला की तू मला घर सोडायला सांगतोस.

तुझी धाकटी बहीण
(दुकान सकाळपासून उघडं)

ता. क. सर्व्हर जोडला गेला हे शंभर टक्के खरं, पण आत अजून एकही माप नाही. भाची म्हणते, आधी टेबल बनवावं लागेल. मी म्हटलं, टेबल आहे, सागवानी आहे, त्याच्यावरच कटिंग करते. तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. पैज मात्र जोडण्याची होती, भरण्याची नव्हती. साहेबाला मी 'झालंय' असं कळवून टाकलं आहे.

आणखी एक ता. क. तेव्हापासून मी कॉम्प्युटर बंद केलेला नाही. बंद केला तर पुन्हा जोडला जाईल याची खात्री कोण देणार? काउंटरजवळ प्लग एकच असल्यामुळे शिलाईमशीन सध्या बंद आहे आणि मी काज-बटणं हाताने करते आहे. यात हसण्यासारखं काही नाही.

शेवटचा ता. क. पत्र पाकिटात घालणार, एवढ्यात भाचीने फोनवर बसून ते टेबल (म्हणजे मापांचा तक्ता निघाला) करून घेतलं. चाचणी म्हणून एक नाव घालायचं होतं, मी तुझं घातलं. तुझी मापं मला पाठ आहेत. पण तुझ्या मुलीने तुझा परवाचा फोटो पाठवला, त्यात मीच शिवलेल्या शर्टाच्या कॉलरमध्ये अख्खी मूठ जाईल एवढी जागा दिसली, आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे. दादा, वहिनी गेल्यापासून तू जेवतोस का रे? "तू एकटी कशी राहशील" असं तू दर फोनला म्हणतोस, आणि मी वेडी त्याला उत्तरं देत बसते. ते तू कुणाबद्दल म्हणत होतास ते मला आज कळलं. तरी मी तिकडे येणार नाही, पैज मी जिंकले आहे. तूच इकडे ये. तुझी जुनी मापं मी पुसून टाकली. फोनवर सांगितलेलं माप मी कुणाचंच घेत नाही, तुझंही घेणार नाही. येताना बॅगेत कपडे भरू नकोस, त्यातलं तुला आता काही बसत नाही. इथे आल्यावर शिवते, त्यासाठी कॉम्प्युटर बंद करावा लागला तरी बेहत्तर.