वहिनीचा लसूणघास

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्याशी भांडायचं आहे. तेही गुरांच्या लसूणघासावरून, हसू नकोस. माहेरी विहिरीजवळच्या वाफ्यातला वहिनीचा घास बघितला की माझ्या पोटात दुखतं. कोवळा, पानांनी भरलेला. गाय गव्हाणीत काडी ठेवत नाही. माझा इथे चांदवडला पिवळा, नुसत्या काड्या. रोज पाणी दिलं, गोणीभर युरिया टाकला, तरी तसाच. तुझा हातगुण तू सुनेला दिलास आणि पोटच्या पोरीला काय, तर सायीची वाटी!

ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले आहे आणि तू वाफ्यात वहिनीवर ओरडते आहेस, "माती मुठीत दाबून बघ आधी! लाडू फुटत नाय तवर पाणी सोडायचं नाय." मी उठले की म्हणायचीस, "तू बस गं, तुला कुठं हे करायचंय?" तेव्हा मला ती माया वाटायची. आता तिचाच राग येतो.

यंदा भाऊबिजेला भावाबरोबर वहिनीही इकडे आली. चहा न घेताच वाफ्यात गेली आणि खुरप्याने एक रोप मुळासकट काढलं. "वन्स, बघा, मुळावर एक तरी गाठ हाय का? या गाठीच घासाला पोसतात, युरिया कशाला ओतला एवढा? आन् रोजच्या पाण्यानं मुळं कुजली. नव्यानं पेरा. शेणखत घाला, सुपर फॉस्फेट घाला, जरा तहान लागू द्या त्याला." मग थांबून म्हणाली, "आई मला लय टाकून बोलायच्या. मी विहिरीमागं जाऊन रडायचे. तुम्हाला मात्र कधी एक शब्द नाय." म्हणजे ती माझ्यावर जळत होती, आणि मी तिच्यावर. मला तरीही तिचाच हेवा वाटला. तुझी बोलणी सगळी तिच्याकडे आहेत, माझ्याकडे एकही नाही.

तिने सांगितलं तसं सगळं केलं. पहिली कापणी झाली, काल गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ होती. संध्याकाळी तिचा फोन आला, घास कसा हाय म्हणून. मी म्हटलं, "पिवळाच आहे गं."

"मूठ दाबून बघता का नाय? का नुसतं पाणी सोडून मोकळ्या?" ती कडाडली, अगदी तुझ्यासारखी. रविवारी येते म्हणाली.

हे तुला पोचणार नाही, आणि तिला मी दाखवणार नाही. आई, मला एकदा तुझी बोलणी खायची होती. आता रविवारच्या आत हा हिरवागार वाफा लपवू कुठे?