फेकायचं पाणी

३ फेब्रुवारी २०२५

निरंजन सर आज मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "विजयश्री, मोरीतलं पाणी विकायला कंपनी काढलेली नाही."

चाकणच्या या कंपनीत आम्ही पोटाला चांगल्या जिवाणूंची पावडर बनवतो. टाकीत जिवाणू वाढवायचे, मशीनवर फिरवून तळाला बसवायचे आणि वरचा द्रव सोडून द्यायचा. प्लांटवर सगळे त्याला नुसतं 'पाणी' म्हणतात. लॅबमध्ये येण्याआधी आठ वर्षं मीही ते सोडलं. त्यातच जिवाणूंनी अंगातून सोडलेल्या पुटिका असतात — जिवाणूहून कितीतरी बारीक पिशव्या. कॅन्सरच्या गाठीवर त्या चालतात का, एवढंच मला बघायचंय.

शेवटी एक संधी दिली. उंदरांचे दोन गट, चार आठवडे. नाही जमलं तर मी परत प्लांटवर. बघतेच मी पण!

७ फेब्रुवारी

दोनशे लिटर गाळून मुठीएवढी बाटली भरली. साफसफाईच्या शालनबाई बघत होत्या. "आमी रोज वततो ते, आन् तुमी फ्रीजमदी ठेवताय व्हय?"

व्हय शालनबाई, ठेवतेय.

तुलनेसाठी दुसरी बाटली सलाईनची. घाईघाईत दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ज्ञानेशच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. उंदीर त्याच्याकडे असतात. मोठ्या औषध कंपनीतून आलाय, वाकडला राहतो, प्लांटची पायरी अजून चढलेला नाही. आजपासून इंजेक्शनं सुरू.

१५ फेब्रुवारी

काही नाही. वाट बघणं.

१९ फेब्रुवारी

आईला जाऊन तीन वर्षं झाली. आतड्याची गाठ. मी तिला आमचीच पावडर ताकातून द्यायचे, आणि कामावर येऊन ते पाणी सोडून द्यायचे. त्यानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण आमच्यातल्या कुणी साधं बघितलंसुद्धा नाही, याचा मला राग येतो. अजून येतो.

७ मार्च

मोजमाप आलं. औषधाच्या गटातल्या गाठी दुप्पट झाल्या. दुसऱ्या गटातल्या मात्र आटल्या!

ज्ञानेश हसला. "मॅडम, तुमच्या औषधापेक्षा साधं पाणी बरं."

मी म्हटलं, साध्या पाण्यानं गाठ आटत नाही, कुठेतरी चुकलंय. "चुकलंय ते तुमचं," सर म्हणाले. सोमवारपासून प्लांट. रडले नाही. त्यांच्यासमोर तर नाहीच.

८ मार्च

सामान आवरायला गेले. ज्ञानेशच्या फ्रीजमध्ये दोन्ही बाटल्या तशाच होत्या. माझ्या हातच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि तिथूनच त्याला फोन लावला. औषध म्हणून कुठली टोचलीस?

"'सॉल्ट' लिहिलेली. औषधाच्या मूळ घटकाला सॉल्टच म्हणतात ना, मॅडम?"

मी 'सॉल्ट' लिहिलं होतं सलाईनवर. मीठ, म्हणून.

आणि दुसऱ्या गटाला?

"तुम्हीच लिहिलंय की — पाणी."

चूक माझी. सोमवारी आधी ती कबूल करेन, मग पुन्हा उंदीर मागेन.