वाघनखी चौकडीचा चोर

अकोला, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय दामिनीताईस,
संघपालचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या सेमाडोहात फोन लागत नाही, म्हणून लिहून राहिलो. जाईआत्या मजेत आहे. मी अमरावतीचं कॉलेज सोडलं, याचा राग म्हणून अजून भाजी वाढताना पळी आपटते.

प्रियदर्शनीबद्दल तुले सांगितलंच आहे. विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी ती वस्तीतल्या पोरांचं वाचनालय भरवते. मी तिले आपली 'वाघनखी चौकडी' दिली, चोर पकडणाऱ्या पोरांच्या गोष्टींचे अठराच्या अठरा भाग. बाबांनी वाढदिवसाला आणलेले, मी खाकी कव्हरं घालून जपलेले. दुकानातून कोणीही काहीही उचलून देते, ताई. मी तिले माझं लहानपण दिलं. तर ती गठ्ठा आत्याजवळ ठेवून गेली. निरोप काय, तर ही पुस्तकं आमच्या कपाटात ठेवता येत नाहीत. काहून, ते सांगायलाही थांबली नाही.

तिनं पुस्तकं नाही, मले परत केलं. २३ तारखेला, रविवारी, तिनं पालकांना बोलावलं आहे. सगळ्यांसमोर उभा राहून मी विचारणार, की पोरांनी काय वाचायचं ते ठरवणारी ही कोण. मग तिनं आयुष्यभर माझं तोंड पाहिलं नाही तरी बेहत्तर. समजावू नकोस. मी बरोबर आहे, एवढंच कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
संघपाल

सेमाडोह, १७ नोव्हेंबर

चि. संघपालास,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यावर एक टपली.

पत्र परवा मिळालं. आईला यातलं काही कळवलेलं नाही. अमरावतीत तिची बीपीची गोळी तुझ्या कॉलेजपायीच वाढली आहे.

गेल्या वर्षी मी चौथा भाग तुझ्याकडून इथे आणला होता, आठवतं? वर्गात वाचला. माझ्या शाळेतली पोरं बहुतेक कोरकू आदिवासी. चौकडी जंगलातल्या बंगल्यावर राहायला येते, तिथवर सगळी खूश. पुढे चोर निघाला तो त्याच जंगलातला, काळाकभिन्न, वानरासारखा. कोणी रडलं नाही, भांडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं चौकडी-चौकडी खेळली. वर्गातल्या सगळ्यात सावळ्या पोरीला त्यांनी न विचारता चोर केलं. आणि ती मुकाट्यानं उभी राहिली. पुस्तक परत देताना तू काही विचारलं नाहीस, मीही बोलले नाही.

तू ऐकणाऱ्यातला नाहीस, म्हणून पैज लावते. रविवारी जा. प्रियदर्शनीची परवानगी घेऊन तोच भाग पोरांना मोठ्यानं वाचून दाखव. एक शब्द गाळायचा नाही. जमलं, तर खुशाल भांड, मी तुझ्या बाजूनं. नाही जमलं, तर गुमान घरी ये. उगाच त्या पोरीला चारचौघांत रडवलंस, तर राखीला माझ्याकडे येऊ नकोस.

तुझ्यावर रागावून दमलेली,
ताई

अकोला, २४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
हरलेल्या भावाचा जयभीम वि. वि.

गेलो. प्रियदर्शनी दारातच होती. पुस्तक पाहून तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं की एक भाग वाचू द्या, मग जातो. ती म्हणाली की वाचा, पण मी समोरच बसणार. मागे पालक, त्यात तिचे वडील पुंजाजीकाकाही.

पहिली प्रकरणं फस्कलास झाली. पोरं सरकत सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आली. मग चोराचं ते पान आलं. ताई, ते पान मी शंभरदा वाचलं असेन, पण मनातल्या मनात. समोर ते चेहरे, मागे त्यांच्या आया, आणि माझी जीभच उचलेना. काकांनी चष्मा काढला. प्रियदर्शनी खाली पाहून राहिली.

तुझ्या पैजेप्रमाणे उठायला पाहिजे होतं. पण पोरं चोर कोण, चोर कोण करून राहिली. उठू कसा? मी चोर बदलला. म्हटलं, बंगल्याच्या साहेबाचा भाचा. झालं. एक पोरगी म्हणाली की भाचा तर बूट घालते, मग खिडकीखाली अनवाणी पाय कोणाचे होते. मी म्हटलं, बूट काढले असतील. दुसरा म्हणे, त्याले झाडावर चढता येत नाही, तुमीच आत्ता वाचलं, मग तो माडीवर पोचला कसा. पालकही मधात पडले. काकांचा संशय बंगल्याच्या मालकिणीवर. जे भांडायला गेलो होतो, त्याले वेळच मिळाला नाही.

निघताना प्रियदर्शनीनं स्पष्ट सांगितलं की पुस्तक कपाटात येणार नाही ते नाहीच. पण चोर असा अर्धवट टाकून पळायचं नाही, सात डिसेंबरच्या रविवारी पुरा करून आणायचा. तेवढ्यात काकांनी तिले विचारलं की हा पोरगा करते काय. मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगून टाकलं, की सध्या चोर शोधून राहिला आहे.

ताई, वर्गात सगळं सांग आणि तुझ्या पोरांना विचार, ते अनवाणी पाय कोणाचे असतील. ज्या पोरीले त्यांनी चोर केलं होतं, तिले आधी विचार.

लोभ वाढव, पण उत्तर सहा तारखेच्या आत पोचेल असं धाड.
संघपाल