कागदाच्या दाराला कडी

४ जाने.
मुग्धाने नव्या घराचा नकाशा पुढ्यात ठेवला. त्यात माझ्या खोलीला दारच नाही, म्हणून लिहायला बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं.
दाराऐवजी सरकती चौकट, तिला जपानी कागद. "उजेड कसा झिरपेल बघा ना, आई!" सून आर्किटेक्ट, हौस तिचीच. घर देखणं होणार, नाकारत नाही. पण याच जागेवरचं बोरीवलीचं बैठं घर पाडेपर्यंत मी साडीच्या पडद्यामागे झोपले. कडी लागणारं दार एकच, न्हाणीघराचं. नोकरीतल्या खात्याच्या परीक्षेचा अभ्यास तिथेच, पाटावर बसून. सासरे बाहेरून: "सूनबाई, अंघोळ की पोहणं?"

९ जाने.
नितीनला सांगितलं, मला आतून कडी हवी. मुलगा एकदम गंभीर. "आई, मागच्या वर्षी चक्कर येऊन न्हाणीघरात पडलीस. दार तोडावं लागलं. विसरलीस?"
विसरले नाही. त्याचा चेहराही आठवतो. वाद घातला नाही.
मु.ला मात्र म्हटलं, घरामागे नॅशनल पार्क. तुझा कागद म्हणजे माकडांना पापड. पोट धरून हसली.

१६ जाने.
साइटवर गेलो. सुताराने नमुन्याचं एक दार उभं केलंय. मी आत, मु. बाहेर. उजेड खरंच सुरेख. पण तिची सावली दिसली, बांगडीही ऐकू आली.
म्हटलं, "रात्री मी दिवा लावला की तुम्हाला मी अशीच दिसणार."
तिने दार सरकवलं. मग, "आई, आत करायचं काय असतं तुम्हाला?"
"काही नाही. तेच करायचंय."
उंबऱ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

२३ जाने.
इथे कांदिवलीच्या भाड्याच्या जागेत भिंतीही पातळ. नि. ऑफिसला गेल्यावर मु.ने विषय काढला. कागद राहील, आतून लाकडी फळीचं दुसरं सरकतं दार. कडी मात्र बाहेरूनही उघडणारी. ही नि.ची अट.
"मग ती कडी कसली गं?"
"बरं, साधीच लावू. ठोठावलं की लगेच ओ द्याल?"
"चिडले असले तर नाही देणार."
"मग मी काय समजायचं, आई?"
मी उठून कपाट उघडलं.

दिलं: न्हाणीघराच्या दाराची पितळी कडी, कोयंड्यासह. दार तोडताना वाकलेली, सरळ करून आणली होती. मु.च्या हातात. तिने पर्समध्ये टाकली.
या कडीचं नि.ला दोघींनीही सांगितलेलं नाही.